आमच्या शाळेत सगळं हाय

मी शाळेत कधी गेलो न्हाई. म्हंजे शिकाया गेलो न्हाई, झाडाया गेलो. बाकीची माणसं शाळेत पास व्हत्यात, नापास व्हत्यात. मी मातर सबंध शाळेलाच एकदा पैकीच्या पैकी मार्क दिलं, आन त्या मार्कापायी शाळेला कुलूप लागायची येळ आली.

दिवाळी अंकवाली पोरं घरी आली, म्हनली, मामा, नोकरीतलं काय बी लिवून द्या. मी म्हनलं, राव, माझं लिवणं सहीपाशी सुरू व्हतं आन सहीपाशीच संपतं. तर म्हनली, मंग बोला. म्हनून मी ओट्यावर बसून बोलतोय आन आमची सून मोबाईलवर उतरवून घेतीय. सून बारावी शिकलीय. मधीच ती लिवायची थांबती आन माझ्याकडं बघती. बघितलं की मी वाईच खरं बोलतो.

आमची टेंभळवाडी राजुरीच्या वरच्या अंगाला, माळावर. सातवीपर्यंत सरकारी शाळा, पाच खोल्या. माझ्या हुद्द्याचं नाव मदतनीस. आता मदतनीस म्हंजे काय, तर खिचडी शिजवायची, घंटी द्यायची, हंडं भरायचं, चाव्या सांभाळायच्या, वर्गात शेरडं शिरली तर हाकलायची, आन शेरडं हाकलून झाली की पहिलीतली पोरं परत आत हाकलायची. घर शाळेच्या भिंतीला चिकटून. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी बी मी शाळेतच असायचो आन शाळेच्या दिवशी बी घरीच असायचो. शाळेतल्या बाई म्हनायच्या, मामांचं हजेरीपत्रक देवालाच ठेवता येईल.

आमची मूळची जात मेंढरामागची. लहानपणी बा मला कळपासंगं फिरवायचा, त्यात शाळा ऱ्हायली. आमच्यात कळपात मेंढरं किती ते बाहेरच्या माणसाला खरं सांगत न्हाईत, दृष्ट लागती. कुणी इचारलं तर म्हनायचं, हायेत बख्खळ. माझं गणित म्हंजे एवढंच. आन असल्या माणसाच्या हातात शाळेची माहिती गेली.

ही माहिती म्हंजे काय ते शहरातल्या लोकांना ठावं नसल, म्हनून सांगतो. दरवर्सी सरकार पोर्टलवर परत्येक शाळेची कुंडली भरून घेतं. पोरं किती, पोरी किती, खोल्या किती, त्यातल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. छप्पर कशाचं, भिंत हाय का, पाणी हाय का, संडास हाय का, त्याला दार हाय का. असं शंभर सवाल. मास्तर लोक ह्या पोर्टलला जेवढं घाबरत्यात तेवढं बिबट्याला घाबरत न्हाईत, आन आमच्याकडं बिबट्या ऊसात रोजचा हाय. कारण काय, की निधी त्या कुंडलीवर येतो. कुणाला खोली द्यायची, कुणाला संडास द्यायचा, ते वर कंप्युटर बघतो. त्यो काय वाडीवर येऊन बघत न्हाई. तुमी जे सांगितलं ते त्याला खरं वाटतं. लई भोळं जनावर हाय.

आमच्या मुख्याध्यापिका डोंगरेबाई. आवाज बारीक, पर शिस्तीला कडक. मला आयुष्यात कधी अरे-तुरे केलं न्हाई. बाई तीन वर्सं एकाच गोष्टीमागं लागल्या व्हत्या: मुलींचा संडास. आमच्या शाळेत त्यो बांधलेला व्हता, न्हाई असं न्हाई. चार भिंती व्हत्या. दार वाऱ्यानं गेलं त्याला बी दिवस झालं. पाणी कधी आलंच न्हाई. आत मी मोडकी बाकं रचून ठिवली व्हती. मोठ्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या. घरं लांब, मळ्यात. एकदा गेल्या की कोण परत येतंय ऊन डोक्यावर घेऊन?

आता माझा गुन्हा सांगतो.

त्या साली आमच्या थोरल्याचं लगीन जमवायचं चाललं व्हतं. अवसरी बुद्रुकचं पावणं घर बघाया येणार व्हतं. घर बघाया पावणं येणार म्हंजे काय करायचं ते आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत न्हाई. शेजारच्या दौलतभाऊच्या दोन जर्सी गाया आमच्या गोठ्यात आल्या. त्याचाच ट्रॅक्टर आमच्या दारात लागला. चुलतभावाचा सोफा आला. सोफ्याखाली कुणाचं तरी नाव लिवलं व्हतं, त्यावर मी टावेल टाकला. पावण्यांनी इचारलं, पाणी कसं? म्हनलं, बारमाही. इचारलं, गाया किती दूध देत्यात? मला काय म्हाईत, गाया सकाळीच आल्या व्हत्या. म्हनलं, बादल्या कमी पडत्यात. पावणं खूश झालं, स्थळ पसंत पडलं.

इथं सून लिवायची थांबली हाय. अवसरीचीच हाय ती. थांबा, च्या मागवतो.

तर त्या पावण्यांना वाटंला लावलं, आन दुसऱ्या दिवशी डोंगरेबाई मंचरला परशिक्षणाला निघाल्या. जाताना म्हनल्या, मामा, माहितीची तारीख संपत आली आहे. तालुक्यावरून डेटा ऑपरेटर मुलीचा फोन येईल. मुलांची माहिती मी भरली आहे, फक्त इमारतीचे प्रश्न राहिलेत. तुमच्याइतकी ही इमारत कुणाला माहिती नाही. जे आहे ते सांगा.

बाईंनी माझ्यावर एवढा इस्वास टाकला म्हनून मी अंघोळ करून, टोपी घालून, शाळेच्या ओट्यावर फोन धरून बसलो.

फोन आला. मुलगी लई गोड बोलणारी. काका, तुमच्याकडं वर्गखोल्या किती? मी म्हनलं, पाच. हे खरं व्हतं. मंग ती म्हनली, त्यातल्या मोठ्या दुरुस्तीच्या किती? आन राव, तिथं माझं तोंड माझं ऱ्हायलं न्हाई. परकी पोरगी, चांगल्या घरची, आमच्या वाडीची चौकशी करतीय, आन मी तिला सांगू की आमचं छप्पर गळतं? कालच्या पावण्यांची सवय जिभेला तशीच व्हती. म्हनलं, एक बी न्हाई. सगळ्या एक नंबर.

तिथनं पुढं गाडी उताराला लागली. ती म्हनली, कुंपण? म्हनलं, हाय. घाणेरीचं व्हतं, पर व्हतं. परसबाग? हाय. भिंतीला एक कारल्याचा येल गेलता, माझ्याच हातचा. रॅम्प? हाय. जिथनं शेरडं वर चढायची ती चढण मला आठवली. संगणक? म्हनलं, दोन. खरा एकच व्हता, पर त्याचं खोकं बी दिसाया मोठं व्हतं. वाचनालयात पुस्तकं किती? मी म्हनलं, बख्खळ. ती म्हनली, काका, आकडा लागतो. मी म्हनलं, तुमीच चांगला बघून घाला.

मंग म्हनली, मुलींचं स्वच्छतागृह?

“हाय की.”

“दरवाजा आहे?”

“दारात दार हाय.”

“पाणी?”

“चोवीस तास.”

आतली मोडकी बाकं माझ्या डोळ्याम्होरं दिसत व्हती, तरी मी म्हनलो चोवीस तास. ती पोरगी म्हनली, काका, मी सकाळपासून एवढ्या शाळांना फोन केले, पण तुमच्यासारखी शाळा नाही. मी म्हनलं, या एकदा च्याला. छाती अशी फुगली की बंडीचा गुंडा तुटला.

बाई परत आल्या. इचारलं, फोन आला होता? म्हनलं, आलता. सगळं नीट सांगितलं? म्हनलं, तुमची मान खाली जाऊ दिली न्हाई.

पुढल्या पावसाळ्यात यादी आली. ज्या शाळांना संडास, ज्या शाळांना खोली, त्यांची. पलीकडच्या डोंगरावरच्या शाळेला नवा संडास लागला. तिथलं मास्तर सगळ्याला न्हाई म्हनलं व्हतं. आमचं नावच न्हाई. बाईंनी आपला लॅपटॉप उघडला, आमच्या शाळेची कुंडली काढली आन वाचत गेल्या. वाचता वाचता चष्मा काढून पुसला. परत वाचलं. मंग मला हाक मारली.

मी सगळं सांगितलं. बारमाही पाण्यापासून. बाई रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

“मामा,” त्या म्हनल्या, “ते आपलं घर बघायला नव्हते आले. आपल्याकडं काय मोडलंय ते विचारत होते.”

बास. एवढंच बोलल्या. तीस येळा कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

त्याच आठवड्यात समीक्षाचा बा शाळेत आला. समीक्षा सातवीतली. उंच, काटकुळी, आन तोंडावर बोलणारी. मी एकदा खिचडीत मीठ इसरलो तर सगळी पोरं गप खात व्हती, हीच ताट घेऊन माझ्याकडं आली आन म्हनली, मामा, ही आज्जीला पथ्याची केली का. तिचा बा बबन साधा माणूस, मेंढरं इकून शेतीला लागलेला. त्यो म्हनला, बाई, पोरगी आता मोठी झाली. निम्मा दिवस शाळा, निम्मा दिवस वाट. दिवाळीपस्तोर येईल, मंग घरी बसल. तिच्या मागं तिच्या वर्गातल्या दोघी बी बसतील. बाई म्हनल्या, संडास येतोय. बबन म्हनला, तीन वर्सं येतोय. आन मी तिथं झाडू धरून उभा व्हतो. माझ्या ध्यानात आलं की ह्या तीन पोरींची शाळा मी फोनवर, टोपी घालून, मोडलीय.

घरी आलो, कारभारणीला सांगितलं. सगुणा शाळा शिकलेली न्हाई, पर तिचं डोकं माझ्या डोक्याच्या पुढच्या यत्तेत हाय. ती पहिल्यांदा म्हनली, ओझरला जाऊन इघ्नहराची माफी मागा. मी गेलो. हात जोडून म्हनलं, देवा, आमच्या शाळेवरचं इघ्न दूर कर. परत येताना यष्टीत उमजलं, इघ्न म्हंजे मीच. देवानं ऐकलं असतं तर मी घरी पोचलो नसतो.

घरी आलो तर सगुणानं आमच्या संडासाची साखळी बदलून नवी कडी लावून घेतली व्हती. आमचा संडास शाळेच्या भिंतीच्या अलीकडं, चार पावलांवर. ती म्हनली, पोरी दुपारच्याला इथं येतील. बबनला मी सांगून आले. मी म्हनलं, चांगलं केलं. मंग तिनं माझ्याम्होरं दोन हंडं ठिवलं.

“चोवीस तास पाणी हाय म्हनला ना फोनवर? आता भरा.”

त्या दिवसापासनं हापशावरनं पाणी आणून आमच्या संडासाची टाकी भरायचं काम माझ्याकडं. दुपारच्या सुट्टीत आमच्या दारात पोरींची लाईन, आन मी खांद्यावर हंडा घेऊन लाईनीच्या कडंनं जायचो तर पोरी म्हनायच्या, मामा, मधी घुसू नका. स्वताच्या घरच्या संडासाला माझा नंबर चौथा. एकदा पोट बिघडलं तवा मी शेजारच्या दौलतभाऊकडं गेलो. त्यो म्हनला, गाया नेल्या, ट्रॅक्टर नेला, आता ह्ये बी? पर पोरी दुपारनंतर वर्गात दिसाया लागल्या. बबन म्हनला, चालंल, सातवी हू दे.

बाईंनी तिकडं अर्ज केला, की माहिती चुकीची गेली, दुरुस्त करा. उत्तर आलं की एकदा भरलं ते भरलं, आता कुणीतरी येऊन डोळ्यानं बघितल्याबिगर बदलत न्हाई. गणपती झाल्यावर इंजिनेर सायेब येतील, पडताळणीला. सोमवार ठरला. सायबानं जे लिवलं ते कायम.

आता शाण्या माणसानं काय केलं असतं? गप बसला असता. मी इचार केला, पहिल्या खेपेला आपण चुकलो का? तर घर बघाया आलेल्या पावण्यागत वागलो म्हनून. हा सायेब त्यातला न्हाई, ह्याच्याकडनं आपल्याला घ्यायचंय. मंग त्याची रीत येगळी. आमच्याकडं पाण्याची मोटर उसनी मागाया कुणी आलं, की आपली मोटर कालच जळालेली असती. आपल्या घरात काय बी नसतं. माणूस दारातनंच कळवळून माघारी जातो. म्हनलं, शाळा अशी करू की सायबाला रडू आलं पायजे.

रविवारी बाई त्यांच्या घरी. मी एकटा. दोन खोल्यांतली बाकं वढून गोठ्यात नेली. पुस्तकांचं कपाट घरी. फळ्याची एक बाजू खिळ्यातनं काढली, त्यो तिरका केला. वऱ्हांडा चांगला भक्कम, आरसीसीचा, पर त्याला माझ्या गोठ्यातला बाभळीचा टेकू लावला. तरी मनाला समाधान वाटंना. मंग खिचडीच्या चुलीतला कोळसा घेतला आन वऱ्हांड्याच्या भिंतीवर वरपासनं खालपस्तोर एक भेग काढली. भेग अशी काढली, राव, की मधी तिला दोन फाटं फोडलं, खाली बारीक करत आणली. मी लांब जाऊन बघितलं तर मलाच भीती वाटाया लागली. जन्मात एक चित्र काढलं, ते ह्येच.

सोमवारी पोरं मैदानात परार्थनेला उभी. बाई फाट्यावर थांबल्या व्हत्या सायबाला वाट दावाया, त्यामुळं त्यांनी आन सायबानं शाळा एकदमच बघितली. सायेब तरणा, फटफटीवर आलेला. त्यानं फटफटी लावली, हेल्मेट काढलं, वर बघितलं, टेकू बघितला, भेग बघितली आन हेल्मेट परत घातलं.

तो वऱ्हांड्यात पाऊलच टाकंना. लांबनंच फोटो काढलं. बाई टेकूकडं बघत व्हत्या, मंग माझ्याकडं, मंग परत टेकूकडं. सायेब कागद काढून लिवाया लागला. मला वाटलं, जमलं, आता संडास काय, सायेब नवी शाळाच देतोय.

त्यो म्हनला, “बाई, इमारत धोकादायक आहे. उद्यापासून एकही मूल आत बसवायचं नाही. सगळ्यांना राजुरीच्या शाळेत पाठवा, आणि इथं कुलूप.”

राजुरी खाली, लांब. सातवीच्या पोरी एकवेळ गेल्या असत्या, पर पहिली-दुसरीची चिमणी कुटं जाणार? वाडीची शाळा एकदा बंद झाली की परत उघडत न्हाई, ते आमी शेजारच्या वाडीत बघितलेलं. पहिल्या खेपेला मी तीन पोरींची शाळा बंद करत व्हतो. दुसऱ्या खेपेला सगळ्यांचीच केली. माझी परगती चांगली व्हती.

मी म्हनलं, “सायेब, थांबा. ती भेग कालची हाय.”

“कालची?” सायेब दोन पावलं मागं सरकला. “म्हणजे वाढतेय.”

आता त्याला कसं सांगावं? तोंडानं काय बोलावं ते सुचंना. मी वऱ्हांड्यात गेलो. सायेब मागनं ओरडतोय, काका, बाहेर या, बाहेर या. मी खांद्यावरचा टावेल हंड्यात बुडवला आन भेग पुसली. वरचा फाटा, मधला फाटा, खालची शेपटी, समदी पुसली. मंग टेकूला धरलं आन वढला. पहिलीतल्या पोरांनी कानावर हात ठिवलं. टेकू पडला, वऱ्हांडा जागच्या जागी.

सायबानं हेल्मेट काढून हाताखाली धरलं. मी म्हनलं, सायेब, ह्यो टेकू माझ्या गोठ्यातला. बाईंना ह्यातलं काय म्हाईत न्हाई. फोनवर सगळं हाय म्हनणारा बी मीच आन आज सगळं न्हाई म्हनणारा बी मीच. कारवाई करायची तर माझ्यावर करा, शाळेला कुलूप नका लावू. सायबानं बाईंकडं बघितलं. मी परत तोंड उघडलं.

“तुम्ही नको,” सायेब म्हनला. “तुम्ही आता काहीच बोलू नका. इथं खरं सांगणारं कुणी आहे?”

रांगेत शेवटी समीक्षा उभी. तिला कुणी सांगितलं न्हाई. आपल्या आपण म्होरं आली, म्हनली, चला सर. आन चालाया लागली. सायेब तिच्या मागं, बाई त्याच्या मागं, मी सगळ्यात मागं, टेकू उचलून घेतलेला, कारण तो कुटं ठिवावा ते कळंना.

“ही खोली चांगली हाय,” ती म्हनली. “ही बी. ही बी. ह्या खोलीत तिसऱ्या बाकावर गळतं, तिथं आमी बादली ठिवतो. बाकं मामांनी काल नेली. पुस्तकं बी. ती पायजेत आमाला.”

मी मागनं म्हनलं, आणतो. सायबानं नुसतं वळून बघितलं, मी गप.

ती इमारतीच्या मागं गेली. चार भिंती, दार न्हाई, आत माझी मोडकी बाकं.

“आन ह्ये आमचं. ह्याला दार नाय. पाणी कधीच नव्हतं. आमी तिघी आता मामांच्या घरी जातो. मामा पाणी भरत्यात.”

“आणि त्याच्या आधी?” सायबानं इचारलं.

“आधी घरी जायचो. मंग परत येत नव्हतो.”

तिनं ते असं सांगितलं, जसं बादली तिसऱ्या बाकावर ठिवतो म्हनाली तसंच. रडगाणं न्हाई, काय न्हाई. मी टेकू धरून उभा. दुपारच्या सुट्टीनंतर घंटी देणारा मीच. रोज रांगेत तीन पोरी कमी दिसायच्या, आन मी समजायचो, घरी काम असंल. किती तरी सालं तसंच समजत आलो. त्या आधीच्या पोरी बी अशाच गेल्या असतील. त्यांची लगनं झाली, मी त्यांच्या पंगतीत वाढप केलं, बुंदी वाढली, आन कधी मनात आलं न्हाई.

सायबानं पहिला कागद फाडला. दुसरा काढून तिथंच उभ्या उभ्या लिवला: एक खोली मोठ्या दुरुस्तीची, मुलींचा संडास नवा, पाण्यासकट. बाईंनी वाचून सही केली. सायेब जाताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. त्यो म्हनला, काका, भेग कशानं काढली होती? म्हनलं, कोळशानं. त्यो म्हनला, मी शाळेत असताना माझं चित्रकलेचं एवढं जमलं नाही. मंग फटफटीवर बसल्यावर म्हनला, पण परत काढू नका.

बाकं मी परत नेली, पुस्तकं नेली. बाई माझ्याशी आठ दिवस कामापुरतंच बोलल्या. नवव्या दिवशी त्यांनी घरनं पुरणपोळी आणली आन माझ्या पुढ्यात ठिवून म्हनल्या, मामा, खरं सांगा, कशी झालीय? वाईच जाड झाली व्हती. मी तसं सांगितलं. बाई हसल्या, तवा माझ्या जिवात जीव आला.

आता तुमाला वाटंल, सायबानं लिवलं आन संडास आला. तसं न्हाई. मंजुरी आली, मंजुरी अडकली, परत आली, ठेकेदार आला, ठेकेदार गायब झाला, त्याला बाईंनी फोन करून करून परत आणला. तवर समीक्षा सातवी पास झाली. पयला नंबर. सबंध वरीस ती आमच्या दारात आली आन सबंध वरीस मी पाणी भरलं. खांद्याला घट्टा पडला तो अजून हाय. बबननं तिला घरी बसवलं न्हाई, खाली राजुरीच्या हायस्कूलला घातली. पर शाळेतला संडास मातर तिच्यानंतर आला. ज्यांच्या पायी सगळं झालं त्यांना मिळाला न्हाई, ही माझ्या मनात सल हाय. मी फोनवर खरं बोललो असतो तर वरीसभर आधी आला असता. ह्यात इनोद न्हाई, म्हनून लवकर पुढं जातो.

उद्घाटन ठरलं. संडासाचं उद्घाटन म्हनून हसू नका, आमच्या वाडीत त्याच्याआधी कशाचंच झालं नव्हतं. पंचक्रोशीतलं पुढारी आलं, इंजिनेर सायेब आला, सगुणानं नव्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं. दाराला लाल फीत. बाईंनी समीक्षाला आन त्या दोघींना मुद्दाम बोलावलं व्हतं. हायस्कूलचा नवा डरेस घालून तिघी आल्या. कातरी ताटात घेऊन मी उभा. मला सक्त ताकीद, की मामांनी काय बोलायचं न्हाई.

भाषणं सुरू झाली. एका पुढाऱ्यानं देशापासनं सुरुवात केली. देशावरनं राज्यावर आला, राज्यावरनं जिल्ह्यावर. तालुक्यावर यायला त्याला लई येळ लागला. समीक्षा सकाळचं हायस्कूल सोडून राजुरीहनं माळ चढून चालत आलेली. ती एका पायावरनं दुसऱ्या पायावर व्हायला लागली. तिनं बाईंकडं बघितलं. बाईंनी वर आभाळाकडं बघितलं, जसं काय त्यांना दिसलंच न्हाई.

पोरगी निघाली. पुढाऱ्याच्या म्होरनं गेली, फितीखालनं वाकली, आत शिरली आन आतनं कडी घातली. खट्ट.

भाषण थांबलं. पुढारी ताटातली कातरी हातात घेऊन उभा, सायेब उभा, सबंध वाडी उभी. आतनं नळाचा आवाज आला, धो धो. सगुणानं तोंडाला पदर लावला.

दार उघडलं. समीक्षा भायर आली. हात झटकत फितीखालनं वाकून अलीकडं झाली, पुढाऱ्याकडं बघितलं आन म्हनली,

“कापा आता.”